राजा रविवर्मा : पार्श्वभूमीचे चरित्र

महाराष्ट्रातील जुन्या घरांच्या माजघरात राजा रविवर्मा यांच्या लक्ष्मीची तसबीर सहसा असे. कमळावर उभी असलेली चतुर्भुज देवी, सोंडेत माला धरून पाण्यात उतरलेला हत्ती, भोवती कमळाची पाने, एवढे तपशील त्या घरांतील कोणीही डोळे मिटून सांगू शके. तसबिरीला हळदकुंकू लागे, दिवाळीत तिच्यापुढे वह्यांची पूजा होई, उदबत्तीच्या धुराने तिची काच काळवंडे. देवीच्या मागे एक शांत तळे आहे, त्यापलीकडे धूसर झाडी आहे आणि झाडीवर निवांत आकाश आहे, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणाच्या बोलण्यात येई. एकोणिसाव्या शतकात भारतीय हातांनी रंगविलेल्या निसर्गदृश्यांपैकी सर्वाधिक लोकांच्या डोळ्यांखालून गेलेले दृश्य कोणते, असे विचारल्यास लक्ष्मी आणि सरस्वती यांच्या पाठीमागच्या या जलाचा व या वृक्षांचाच निर्देश करावा लागेल.

रविवर्मा यांचे चरित्र आजवर प्रायः नायिकांच्या, संस्थानिकांच्या आणि छापखान्याच्या अंगाने लिहिले गेले आहे. तेच चरित्र पार्श्वभूमीच्या अंगाने वाचू लागले, की त्यात आणखी एक मनुष्य दिसू लागतो. आणि त्या मनुष्याची कथा रविवर्मा यांच्या अखेरच्या मोठ्या कामापाशी, म्हैसूर येथे, संपते.

रविवर्मा यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. हे घराणे त्रावणकोरच्या राजकुळाशी विवाहसंबंधांनी जोडलेले होते. वडील संस्कृतचे व्युत्पन्न पंडित; आई उमा अंबा हिने तुळ्ळल या प्रकारातील पार्वतीस्वयंवर रचले. घरात कथकळीची परंपरा होती. मुलाच्या दृष्टीचा विचार करताना या शेवटच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. कथकळीच्या रंगस्थळी एक मोठा दिवा असतो. वन, नदी, राजवाडा यांतले काहीही तेथे दाखविलेले नसते. सारा देश पदांतून आणि हस्तमुद्रांतून उभा राहतो. ज्या कलावंताने पुढे पुराणकथांना पाणी, झाडे आणि दगडी पायऱ्या दिल्या, त्याने बालपणी त्या कथा अशा रिकाम्या भूमीवर पाहिल्या होत्या.

चित्रकलेचे पहिले धडे त्यांना मामांकडून मिळाले. मामांचे नाव राजराज वर्मा. पुढे धाकट्या भावालाही हेच नाव मिळाले, आणि नावांच्या या साम्याने वाचकांची गफलत होत आलेली आहे. १८६२ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी, मामांनी त्यांना त्रिवेंद्रमला आयिल्यम तिरुनाळ महाराजांच्या दरबारी नेले. तेथे तैलरंगाचे तंत्र जाणणारे रामस्वामी नायडू होते, पण ते शिकवावयास राजी नव्हते. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय व्यक्तिचित्रकार दरबारात आला; त्यानेही शिकविले नाही, फक्त काम करीत असताना पाहू दिले. रविवर्मा यांनी तैलरंग आत्मसात केले ते अशा पाहण्यातून आणि स्वतःच्या चुकांतून. या काळातली त्यांची चित्रे घरातली आहेत. मागे पडदा, खांब किंवा भिंत, पुढे गालिचा. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात सुवर्णपदक मिळवून देणारे, केशभूषा करणाऱ्या नायर स्त्रीचे चित्रही अंतर्गृहातलेच आहे. त्यात दागिने, वस्त्राचा पोत, आरसा हे सारे आहे. बाहेरची हवा नाही.

ती हवा प्रथम आली कालिदासाबरोबर. १८७६ मध्ये रविवर्मा यांनी पत्रलेखन करणारी शकुंतला रंगविली. मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ते चित्र विकत घेतले आणि मोनियर विल्यम्स यांच्या इंग्रजी शाकुंतलात ते मुखचित्र म्हणून छापले गेले. हा प्रसंग एकट्या चित्रकाराचा नव्हे. रविवर्मा यांचे साडू केरळवर्मा वलिय कोयित्तंपुरान यांनी १८८२ मध्ये शाकुंतल मलयाळमात आणले आणि केरळ कालिदास ही पदवी मिळविली. म्हैसूरला चामराजेंद्र वडेयर यांच्या आश्रयास असलेल्या बसवप्पा शास्त्री यांनी ते कन्नडात आणले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत शाकुंतलाचा प्रयोग केला. एका दशकाच्या आतबाहेर एकच आश्रम तीन देशभाषांत आणि एका कॅनव्हासवर वसला. भाषांतरकारांपुढे वनाचा प्रश्न नव्हता. वन कालिदासाच्या श्लोकांत होतेच, ते आपल्या भाषेच्या छंदात बसविले की झाले. किर्लोस्करांपुढे तो होता आणि रंगविलेल्या पडद्याने तो सुटला. चित्रकारापुढे मात्र तो पुरता उभा राहिला. कण्वाच्या आश्रमात कोणती झाडे काढायची, मालिनीचे पाणी कोणत्या रंगाचे आणि प्रकाश कोणत्या प्रहराचा, याचे उत्तर संस्कृत काव्यात मिळत नाही.

रविवर्मा यांनी या प्रश्नाचे एक उत्तर रंगभूमीकडून घेतले, हे नाकारता येत नाही. त्यांच्या अनेक पौराणिक चित्रांत पात्रे पुढच्या पट्टीत, जणू पाददीपांच्या उजेडात उभी आहेत आणि वन मागे टांगल्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आनंद कुमारस्वामी आणि बंगाल संप्रदायाचे पुरस्कर्ते यांनी त्यांच्यावर नाटकीपणाचा जो आरोप केला, त्यात तथ्यांश होता. पण त्याच चित्रांपैकी काहींत मागचे पाणी पडद्याचे राहत नाही. त्यावर खरा प्रकाश पडतो, दूरची झाडे हवेत विरतात, आणि पुढची नायिका नाटकातच राहून गेली तरी मागचा देश नाटकातून बाहेर पडतो. आरोप करणाऱ्यांनी हा फरक नोंदला नाही. तो नोंदला असता, तर या चित्रांत एकापेक्षा अधिक हात असल्याचा विचार कदाचित लवकर झाला असता.

धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांचा जन्म १८६० चा. रविवर्मा यांच्याहून ते बारा वर्षांनी लहान. त्यांना इंग्रजी उत्तम येत असे. पत्रव्यवहार, हिशेब, प्रवासाची सिद्धता, प्रदर्शनांना चित्रे पाठविणे हे सर्व त्यांच्याकडे आले. व्यवहारकुशल भाऊ म्हणून चरित्रकारांनी त्यांची प्रशंसा केली आहे, आणि या प्रशंसेनेच त्यांचे नुकसान झाले असे म्हणावेसे वाटते. ते स्वतः चित्रकार होते, आणि त्यांचा खरा ओढा निसर्गचित्राकडे होता. बहीण मंगलाबाई हीदेखील चित्रे काढीत असे. तिने काढलेले रविवर्मा यांचे व्यक्तिचित्र उपलब्ध आहे. किळिमानूरची चित्रशाळा ही एका कुटुंबाची होती. जुन्या काळच्या कारागीर घराण्यांत जसे काम वाटून होई, तसे ते येथेही होई. फरक एवढाच, की आता चित्राखाली सही करण्याची नवी रीत आली होती.

१८८१ मध्ये सर टी. माधवराव यांच्या निमंत्रणावरून रविवर्मा बडोद्यास गेले. तंजावरकडच्या मराठी देशस्थ कुळातले हे मुत्सद्दी आधी त्रावणकोरचे दिवाण होते व तेव्हा बडोद्याचा कारभार पाहत होते. १८८५ मध्ये चामराजेंद्र वडेयर यांनी रविवर्मा यांना म्हैसूरला बोलाविले. ही त्यांची म्हैसूरशी पहिली गाठ, आणि काम राजकुटुंबाच्या व्यक्तिचित्रांचे. सयाजीराव गायकवाडांनी १८८८ मध्ये चौदा पौराणिक चित्रे सांगितली तेव्हा दोघे बंधू उत्तर हिंदुस्थानच्या प्रवासास निघाले. पुराणांतील स्त्रीपुरुषांना कोणता वेष द्यावा, हे ठरविणे हा प्रवासाचा एक हेतू होता. त्यातून रविवर्मा यांच्या नायिकांना साडी मिळाली, बहुधा मराठी वळणाची, आणि तीवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. त्या नायिकेच्या पायांखाली कोणती भूमी आली, हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असूनही मागे राहिला. वेषाप्रमाणे भूमीही अशी हवी होती, की मलयाळी, मराठी, गुजराती, कन्नड कोणाही प्रेक्षकाला ती परकी वाटू नये. म्हणून ताडामाडांचे केरळ मागे सरले. उरले ते एक सर्वसामान्य पाणी आणि सर्वसामान्य झाडी: संथ पात्र, दगडांचा काठ, पलीकडे पुंजक्यांनी उभे वृक्ष. शंतनू आणि गंगा, शंतनू आणि मत्स्यगंधा, राधा आणि माधव ही बडोद्याच्या मालिकेतील जोडपी या भूमीवर भेटतात. १८९० मध्ये मालिका पुरी झाली. मुंबईत ती मांडली गेली तेव्हा पाहणाऱ्यांची रीघ लागली होती.

राजराज वर्मा यांनी १८९५ पासून काही वर्षे इंग्रजीत दैनंदिनी लिहिली. एर्विन नॉयमायर आणि क्रिस्टीन शेल्बर्गर यांनी संपादिलेली ती दैनंदिनी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि दोघा बंधूंचे काम किती एकमेकांत गुंतले होते ते स्पष्ट झाले. रविवर्मा यांच्या चित्रांतील निसर्गपार्श्वभूमीचा मोठा वाटा धाकट्या भावाचा होता, हे आता अभ्यासक सामान्यतः मानतात. अमुक झाड याचे आणि अमुक लाट त्याची, अशी विभागणी मात्र कोणी करू नये. जे दोघे वर्षानुवर्षे एकाच दिवाणखान्यात, एकाच रंगपाटीवर काम करीत, त्यांचे हात एकमेकांसारखे होणे स्वाभाविक आहे. तरीही राजराज वर्मा यांची स्वतंत्र निसर्गचित्रे पाहिली म्हणजे एक ठेवण ओळखू येऊ लागते. १९०१ मध्ये दोघे उदयपूरला गेले असता त्यांनी तेथील सरोवर आणि राजवाडे रंगविले. या ठेवणीत पाणी जवळजवळ हलत नाही. प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे मवाळ, थोडे गडद असते. झाडांची पाने एकेक न काढता छायेच्या राशी मांडलेल्या असतात. मनुष्य असलाच तर लहान असतो, आणि तो निघून गेला तरी चित्राचे काही बिघडणार नाही, असे वाटते.

दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयातील, चांदण्यात बसलेल्या स्त्रीचे १८८९ चे चित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. रात्रीचा उजेड त्या स्त्रीसाठी योजिलेला नाही. तो आकाशातून आणि पाण्यातून येतो, आणि तिच्या वाट्याला जेवढा आला तेवढाच तिला मिळतो. रविवर्मा यांच्या दरबारी व्यक्तिचित्रांत प्रकाश आज्ञाधारक असतो, हवा तिथे पडतो. येथे तो तसा नाही. १८९९ च्या हंस-दमयंतीत दोन्ही रीती शेजारी आल्या आहेत. दमयंती रंगभूमीची आहे: मान वळविण्याची, हात टेकण्याची तिची ढब नटीची आहे. मागचे कमळांचे पाणी आणि झाडी मात्र तिच्याकडे पाहत नाहीत. रघुनाथ पंडिताच्या आख्यानातून नलाच्या हाती सापडलेल्या हंसाची ओळख झालेल्या मराठी वाचकाला हा हंस आपला वाटतो. ते पाणी मात्र आख्यानातले नाही.

संस्कृत काव्यशास्त्राच्या परिभाषेत हा भेद नेमका मांडता येतो. चंद्र, उपवन, सरोवर यांना शास्त्राने उद्दीपन विभावाची जागा दिली. भाव मनुष्याचा, निसर्गाने तो प्रदीप्त करावयाचा. निसर्ग स्वतः आलंबन होऊ शकतो काय, हा प्रश्न हिंदीत आचार्य रामचंद्र शुक्लांनी आग्रहाने मांडला, आणि वाल्मीकी व कालिदास यांच्या आधाराने त्याचे उत्तर होकारार्थी दिले. केरळवर्म्यांच्या मयूरसंदेशात या संक्रमणाची एक पायरी दिसते. महाराजांच्या रोषामुळे त्यांना हरिप्पाटला पत्नीपासून दूर राहावे लागले होते. त्या विरहावर पुढे रचलेल्या या काव्यातला मोर हरिप्पाटहून त्रिवेंद्रमला जातो, आणि त्याचा मार्ग परिचित गावांचा व जलाशयांचा आहे. मेघदूताचा साचा तोच राहिला, पण भूमी नकाशावरची झाली. मराठीत बालकवींच्या औदुंबर या कवितेत जल आणि वृक्ष हाच विषय होतो, तो विसाव्या शतकात. रविवर्मा यांच्या चित्रांतील नायिका उद्दीपनाच्या युगातली आहे. तिच्यामागचे पाणी आलंबनाच्या युगात पाऊल टाकून आहे. एकाच कॅनव्हासवर दोन काव्यविचार नांदतात, आणि त्याचे एक कारण तरी असे, की कॅनव्हासपुढे दोन भाऊ उभे असत.

छापखान्याने या शांत पाण्याचे काय केले, ते थोडक्यात सांगता येईल. चित्रांच्या रंगीत प्रती काढवून घ्याव्यात, ही सूचना माधवरावांनी १८८४ मध्येच केली होती. १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना निघाला. पहिले चित्र शकुंतलाजन्माचे. मुंबईत प्लेगची साथ आल्यानंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेण्यात आला व पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. शिळाछापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. चेहरा, जर, दागिना यांच्या कडा दगडावर नीट उतरतात. दूरच्या झाडीतली हवा उतरत नाही. लक्षावधी घरांत जी लक्ष्मी गेली, तिच्यामागचे तळे म्हणून मूळ चित्रातल्यापेक्षा सपाट आहे. तरीही ते राहिले. चेहरा, साडी, अलंकार पुढच्या दिनदर्शिकावाल्यांनी हवे तसे बदलले, एकाचे दोन हत्ती केले, पण देवीला पाण्याबाहेर काढण्याची कल्पना फारशी कोणाला सुचली नाही.

१९०४ मध्ये म्हैसूरकडून पुन्हा बोलावणे आले. चामराजेंद्र १८९४ मध्ये निवर्तले होते. गादीवर तरुण कृष्णराज वडेयर चौथे होते. मागणी नऊ पौराणिक चित्रांची होती. रविवर्मा त्या वेळी छप्पन्न वर्षांचे, मधुमेहाने थकलेले. त्याच वर्षी त्यांना कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. दोघे बंधू म्हैसूरला आले. काम हाती असतानाच राजराज वर्मा आजारी पडले आणि १९०५ च्या आरंभी, वयाची पंचेचाळीस वर्षे पुरी होण्याआधी, मरण पावले.

मोठ्या भावाने जे गमावले त्याची यादी करणे कठीण आहे. पत्रे लिहिणारा गेला, हिशेब ठेवणारा गेला, परक्या गावी शेजारच्या खाटेवर झोपणारा गेला. आणि चित्राच्या मागच्या बाजूचे पाणी ज्याच्यावर निःशंकपणे सोपवावे, तोही गेला. रविवर्मा यांनी काम सोडले नाही. मालिका पुरी करून ते किळिमानूरला परतले.

त्या मालिकेतील श्रीराम समुद्राचे गर्वहरण करतो तो प्रसंग म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात पाहावयास मिळतो. राम खडकावर धनुष्य सज्ज करून उभा आहे, समुद्र उसळलेला आहे, आणि लाटांतून वरुण हात जोडून वर येतो आहे. त्याच संग्रहातला जटायुवध आकाशात घडतो. कृष्णाची शिष्टाई भरसभेत. प्रसंगच तसे आहेत, तेव्हा या खवळलेल्या पाण्यात चित्रकाराचा शोक वाचणे हा कवितेचा मोह होईल आणि तो आवरलेला बरा. कोणत्या लाटेवर कोणाचा कुंचला फिरला तेही आता ठरविता येत नाही. एवढे मात्र दिसते, की बडोद्याच्या मालिकेत जे पाणी भेटीचे ठिकाण होते ते येथे प्रतिपक्ष झाले आहे. त्यात प्रतिबिंब नाही आणि काठावर झाड नाही. चित्र सामर्थ्याचे आहे. रविवर्मा यांच्या उत्तम रचनांत त्याची गणना करावी लागेल. पण संध्याकाळच्या तळ्याकाठी जी सवड असते, ती त्यात कुठेही नाही.

२ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे रविवर्मा यांचे निधन झाले. त्यांच्या कीर्तीला लगेचच ओहोटी लागली आणि ती दीर्घकाळ टिकली. १९७२ मध्ये मळवलीचा छापखाना आगीत सापडला. १९७९ मध्ये शासनाने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा दिला. १९९३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरलेल्या मोठ्या प्रदर्शनानंतर अभ्यासकांची पावले पुन्हा त्यांच्याकडे वळली.

जगन्मोहन राजवाडा १८६१ चा. तेथील चित्रसंग्रह १९१५ पासून लोकांना खुला झाला. त्यात सर्वाधिक गर्दी ज्या चित्रापुढे होते, ते रविवर्मा यांचे नाही. हातात समई घेतलेल्या, ज्योतीवर तळव्याचा आडोसा धरलेल्या स्त्रीचे ते जलरंगचित्र सावंतवाडीचे सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. त्याला पार्श्वभूमी अशी नाहीच. ज्योतीचा उजेड, स्त्रीची सावली आणि अंधार एवढेच आहे. निसर्गचित्रे काढण्यात हळदणकरांचा स्वतःचा हातखंडा होता, ही गोष्ट तेथे कोणाला ठाऊक नसते. अनेक प्रेक्षक ते चित्र रविवर्मा यांचेच समजून पाहतात, त्याची तशीच वाखाणणी करतात, आणि पुढच्या दालनातल्या समुद्राकडे वळतात.